घरी शिकणाऱ्या मुलांसाठी शरीरविज्ञानाची पुस्तके कशी पारखावीत?

प्रश्न विचारणाऱ्या ताई सिंहगड रस्त्यावर राहतात. ९ वर्षांची मुलगी आणि ६ वर्षांचा मुलगा या दोघांना त्या गेल्या जूनपासून घरीच शिकवत आहेत आणि आता काही महिने ‘मानवी शरीर’ हा विषय घ्यावा असे त्यांच्या मनात आहे. दुकानात एकीकडे गुळगुळीत पानांचे महागडे इंग्रजी सचित्र कोश दिसतात आणि दुसरीकडे पातळ, स्वस्त मराठी पुस्तके. यांतले काय घ्यावे, शिकवावे मराठीतून की इंग्रजीतून, आणि प्रजननसंस्थेच्या प्रकरणाचे काय करावे, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. मी गेली २२ वर्षे पुण्यात मुलांना जीवशास्त्र शिकवते आहे आणि त्यांतली अलीकडची ९ वर्षे होमस्कूलिंग करणाऱ्या कुटुंबांबरोबर काम करते आहे. त्या अनुभवावरून हे उत्तर देत आहे.

पुस्तकांच्या दुकानात जाण्याआधी एक संध्याकाळ घरी काढा. वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद चिकटवून मुलाच्या उंचीएवढा करा, मुलाला त्यावर उताणे झोपवा, पेन्सिलीने बाह्यरेषा काढा आणि एवढेच सांगा, ‘तुझ्या आत काय काय आहे असे तुला वाटते, ते यात काढ.’ काही सुचवू नका, काही दुरुस्त करू नका. मी अशी चित्रे शेकड्यांनी पाहिली आहेत. हृदय बहुधा पत्त्यांतल्या बदामासारखे असते. हाडे सुटी सुटी, एकमेकांना न जोडलेली असतात. तोंडापासून निघालेली नळी थेट बेंबीजवळच्या एका पिशवीत जाते, आणि बऱ्याच मुलांच्या मते पाण्यासाठी एक व जेवणासाठी दुसरी अशा दोन नळ्या असतात. आई गरोदर असलेल्या एका ७ वर्षांच्या मुलीने त्या पिशवीत वरण-भात काढला होता आणि वरण-भाताच्या मधोमध बाळ बसवले होते. घरात सगळे ‘आईच्या पोटात बाळ आहे’ असे म्हणत होते आणि पोटात जेवण जाते हे तिला ठाऊक होते, तेव्हा तिचा तर्क अगदी बरोबर होता. तिला ज्या पुस्तकाची गरज होती त्यात जठर आणि गर्भाशय या दोन वेगळ्या जागा एकाच चित्रात दिसायला हव्या होत्या. तुमच्या दोन्ही मुलांचे असे कागद तयार झाले की कोणती पाने शोधायची हे तुम्हाला कळेल, आणि ‘सर्वांत चांगले पुस्तक कोणते’ या प्रश्नाऐवजी ‘या मुलाच्या मनातली ही समजूत कोणते पुस्तक सोडवेल’ असा प्रश्न घेऊन तुम्ही दुकानात जाल.

दुकानात उभ्या उभ्या पुस्तक पारखायचे असेल तर मी सगळ्यांत आधी रक्ताभिसरणाचे पान उघडते, कारण लेखकाला विषय समजला आहे की त्याने इकडून तिकडून मजकूर उतरवला आहे, हे त्या पानावर लगेच कळते. चित्रात काही रक्तवाहिन्या लाल आणि काही निळ्या असतात. हे रंग केवळ ओळखीसाठी दिलेले आहेत, रक्त कधीही निळे नसते, ऑक्सिजन कमी असलेले रक्त गडद लाल असते, एवढे वाक्य तिथे आहे का, ते पाहा. मनगटावरच्या वाहिन्या आपल्याला निळसर दिसतात, याचे कारण त्वचेतून आत जाणारा आणि परत येणारा प्रकाश हे आहे, रक्ताचा रंग हे नव्हे. त्यानंतर धमनीची व्याख्या वाचा. ‘शुद्ध रक्त वाहून नेते ती धमनी’ असे लिहिले असेल तर ते पुस्तक पुढच्याच पानावर अडचणीत येते, कारण हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणारी धमनी ऑक्सिजन कमी असलेले रक्त नेते. हृदयापासून दूर रक्त नेते ती धमनी आणि हृदयाकडे आणते ती शीर, ही व्याख्या कुठेही मोडत नाही. शिवाय ‘शुद्ध’ आणि ‘अशुद्ध’ हे शब्दच मी टाळते. अशुद्ध म्हटले की मुलांना ते रक्त घाण वाटते, आणि अंगात घाण रक्त फिरते आहे या कल्पनेने बेचैन झालेली मुले मी पाहिली आहेत.

त्याच पानावर आणखी एक गोष्ट तपासा, जी मोठ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. चित्रातली व्यक्ती आपल्याकडे तोंड करून उभी असते, त्यामुळे तिची डावी बाजू पानाच्या उजवीकडे येते. हे चांगल्या पुस्तकात स्पष्ट सांगितलेले असते. ते न सांगणाऱ्या पुस्तकावरून शिकलेला १० वर्षांचा एक मुलगा महिनाभर उजव्या छातीवर हात ठेवून ठोके शोधत होता, आणि सापडत नाहीत म्हणून आपल्याला काहीतरी आजार आहे अशी भीती त्याने मनात धरली होती. हृदय पूर्णपणे डावीकडे असते हेही खरे नाही. ते छातीच्या साधारण मध्यभागी, दोन फुप्फुसांच्या मध्ये, टोक डावीकडे झुकवून बसलेले असते आणि ठोका डावीकडे अधिक स्पष्ट जाणवतो. त्यासाठी जागा करून दिल्यामुळे डाव्या फुप्फुसाला दोनच खंड असतात, उजव्याला तीन. हा शेवटचा तपशील एखाद्या पुस्तकात कारणासह दिलेला दिसला तर ते पुस्तक मी बाजूला काढून ठेवते.

पचनाच्या पानावर अन्न ‘जठरात पचते’ एवढ्यावर विषय संपवलेला असेल तर ते अपुरे आहे, कारण पचनाचे बहुतेक काम आणि अन्नघटकांचे शोषण लहान आतड्यात होते. प्रौढ माणसाचे लहान आतडे सुमारे ६ मीटर, म्हणजे सहावारी साडीपेक्षाही थोडे लांब असते, आणि ती साडी घडी घालून मुलाच्या पोटाएवढ्या जागेत मावते का हे करून पाहिले तर आतड्याला वेटोळी का असतात ते वेगळे सांगावे लागत नाही. श्वसनाच्या पानावर ‘आपण ऑक्सिजन आत घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतो’ असे सुटसुटीत वाक्य असते. वास्तविक आत जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो आणि बाहेर येणाऱ्या हवेतही तो सुमारे १६ टक्के शिल्लक असतो. म्हणूनच बुडालेल्या माणसाला तोंडाने दिलेला श्वास उपयोगी पडतो. ९ वर्षांच्या मुलीला हे आकडे समजतात, आणि त्यातून निघणारा प्रश्न तिचा ती विचारते.

जिभेचा नकाशाही पाहा. टोकाला गोड, मागे कडू, कडेला आंबट असे भाग पाडलेले चित्र अजूनही पुष्कळ पुस्तकांत छापले जाते. १९०१ साली एका जर्मन शास्त्रज्ञाने जिभेच्या निरनिराळ्या भागांच्या संवेदनक्षमतेत थोडा फरक असल्याचे नोंदवले, पुढे त्याच्या आलेखाचा चुकीचा अर्थ लावला गेला आणि तो नकाशा रूढ झाला. प्रत्यक्षात चव घेणाऱ्या रुचिकलिका जिथे असतात अशा जिभेच्या सर्व भागांवर सगळ्या चवी कळतात. मात्र एवढ्या एका चुकीवरून पुस्तक नाकारू नका. साखरेचे पाणी, मिठाचे पाणी, लिंबू आणि कारल्याचा रस कापसाच्या काडीने जिभेच्या वेगवेगळ्या जागी लावून मुलांना स्वतः पडताळू द्या. छापलेल्या गोष्टीचीही परीक्षा घेता येते हे वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी कळण्यासारखा दुसरा विज्ञानाचा धडा मला माहीत नाही. धमनीची व्याख्या, श्वासातली हवा, जिभेचा नकाशा आणि ‘आपण मेंदूचा फक्त दहा टक्के भाग वापरतो’ ही दंतकथा, अशा चारही ठिकाणी पुस्तक चुकत असेल, तर मात्र चित्रे कितीही सुंदर असली तरी ते परत ठेवावे.

संख्यांविषयी दोन शब्द. पेशींची संख्या १०० लाख कोटी आणि शरीरातले जीवाणू त्यांच्या दसपट, असे जुन्या पुस्तकांत असते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आणि जवळपास तितकेच, म्हणजे सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू असतात. मेंदूतील चेतापेशींचा आकडाही पूर्वी १०,००० कोटी दिला जाई, आता तो सुमारे ८,६०० कोटी मानला जातो. नवे आकडे असलेले पुस्तक घ्यावेच असे नाही, पण शीर्षकपानाच्या मागच्या बाजूचे आवृत्तीचे साल पाहण्याची सवय लावून घ्या. अनुवादित पुस्तकांत तर संख्या हमखास तपासाव्यात, कारण मिलियन, बिलियन, ट्रिलियन यांचे दशलक्ष, अब्ज आणि लाख कोटी करताना अनुवादकांची शून्ये वारंवार घसरलेली मी पाहिली आहेत.

महाग इंग्रजी सचित्र कोशांविषयी माझे मत स्पष्ट सांगते. चित्रांसाठी असा एक कोश घरात असणे चांगले, पण शिकवण्याचा आधार म्हणून तो पुरत नाही. एका जोडपानावर वीस-पंचवीस चौकटी असतात आणि प्रत्येकीत एक नवल असते: सर्वांत लांब हाड, सर्वांत लहान हाड, सर्वांत मोठा अवयव. मूल ती नवले पाठ करते, पाहुण्यांना सांगते, आणि हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडधडते हे सांगणाऱ्या त्याच मुलाला ‘पण ते धडधडते कशासाठी?’ असे विचारले तर ते गप्प होते. चांगले पुस्तक एका पानावर एकच काम घेते आणि ते कसे चालते हे सलग सांगते. प्रौढ माणसाचे हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलते आणि मिनिटाला साधारण ७० ठोके पडतात, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५ लिटर. शरीरात एकूण रक्तच ५ लिटरच्या आसपास असते. आता एका बादलीतून दुसऱ्या बादलीत अर्ध्या अर्ध्या वाटीने एका मिनिटात ५ लिटर पाणी टाकून पाहायला मुलांना सांगा. हात दुखायला लागले की तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असले पाहिजे, हा निष्कर्ष मुलगी स्वतः काढेल. विल्यम हार्वे यांनी १६२८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात याच प्रकारच्या हिशोबाने रक्ताभिसरण सिद्ध केले होते. धमन्यांतले रक्त शिरांत कुठून जाते हे त्यांना दिसले नव्हते, आणि १६६१ साली मार्चेल्लो मालपिघी यांनी बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून केशवाहिन्या पाहिल्या तेव्हा तो दुवा जुळला.

हे कसे कळले, ही बाजू असलेली पुस्तके कमी असतात. दिसली तर सोडू नका. १८२२ साली अमेरिकेतील मॅकिनॉ बेटावर बंदुकीची गोळी लागलेल्या अॅलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या जठराला पडलेले भोक कायमचे उघडे राहिले. त्याच्यावर उपचार करणाऱ्या विल्यम बोमाँट या डॉक्टरांनी रेशमी दोऱ्याला अन्नाचे तुकडे बांधून त्या भोकातून आत सोडले, ठरावीक वेळाने बाहेर काढून पाहिले आणि १८३३ साली आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. ही गोष्ट ऐकताना मुले श्वास रोखून बसतात. त्यानंतर ‘त्या तरुणाला हे करून घ्यायचे होते का?’ असा प्रश्न एका मुलीने विचारला होता, आणि तो तासभर चाललेल्या चर्चेचा विषय झाला. आपल्याकडचे उदाहरणही घ्यावे. सुश्रुतसंहितेत हाडे ३०० मोजली आहेत, चरकसंहितेत ३६०, आणि आजचे पुस्तक प्रौढांची २०६ सांगते. दात, नखे आणि कूर्चा यांची गणती हाडांत करायची की नाही, यावर संख्या बदलते. नवजात बालकाची जवळजवळ ३०० हाडे वाढताना एकमेकांत जुळून २०६ होतात, हेही सोबत सांगितले की मोजण्याआधी काय मोजायचे ते ठरवावे लागते, हे मुलांच्या लक्षात येते.

भाषेच्या प्रश्नाला मी अधिक जागा देणार आहे, कारण तुमच्यासारख्या मराठी घरात खरी गाठ तिथेच बसते. माझा सल्ला असा की समजावणे मराठीतून असावे आणि चित्रे कोणत्याही भाषेतली चालतील. मराठी शब्द बऱ्याचदा स्वतःचा अर्थ स्वतःच सांगतात. केशवाहिनी म्हटले की केसासारखी बारीक वाहिनी डोळ्यांसमोर येते, अन्ननलिका आणि श्वासनलिका यांचे काम नावातच आहे. परंतु आपली रोजची बोली आणि शास्त्राची भाषा यांच्यात काही ठिकाणी फट आहे, आणि पुस्तकाने ती भरून काढली आहे का हे पाहावे लागते. पोट म्हणजे बाहेरून दिसणारा भाग, आणि जठरालाही आपण पोटच म्हणतो. जठर मात्र बेंबीपाशी नसून वर, डाव्या बरगड्यांच्या आडोशाला असते. ‘नस दबली’ म्हणतो तेव्हा ती चेतातंतूची गोष्ट असते आणि ‘नस सापडत नाही’ असे नर्सबाई म्हणतात तेव्हा ती शिरेची असते. काळजाचा ठोका चुकतो तेव्हा काळीज म्हणजे हृदय, तर मटणाच्या दुकानातली कलेजी म्हणजे यकृत. ‘मला पित्त झाले’ म्हणताना आपण बहुधा जठरातल्या आम्लाविषयी बोलत असतो, आणि पुस्तकातला पित्तरस यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठतो व स्निग्ध पदार्थ पचायला मदत करतो. या जोड्या मुलांबरोबर एका शब्दवहीत लिहून काढा. आजी-आजोबांना विचारून तिच्यात भर घालता येते.

पारिभाषिक शब्दांचीही एक अडचण आहे. काही मराठी पुस्तके धमनी आणि शीर म्हणतात, काही रोहिणी आणि नीला म्हणतात. दोन वेगवेगळी पुस्तके आणलीत तर मुलांना चार प्रकारच्या वाहिन्या आहेत असे वाटू शकते, म्हणून पहिल्याच दिवशी ही नावे समोरासमोर लिहावीत. हिंदी पुस्तके आणत असाल तर आणखी सावध राहा. मराठीत पेशी हा सजीवाचा मूलभूत घटक आहे, हिंदीत त्याला कोशिका म्हणतात आणि मांसपेशी म्हणजे आपला स्नायू. उलट हिंदीतला स्नायु हा शब्द चेतातंतूंसाठी किंवा अस्थिबंधांसाठी येतो. हिंदीतून मराठीत घाईने उतरवलेल्या पुस्तकात हे शब्द तसेच राहून गेलेले सापडतात आणि वाक्याचा अर्थ पूर्ण बदलतो. शंका आली की मराठी विश्वकोश आणि भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश ऑनलाइन पाहता येतात. मुलगी १२-१३ वर्षांची झाली की इंग्रजी संज्ञा शब्दवहीच्या तिसऱ्या रकान्यात आपोआप येतील. तोवर संकल्पना पक्की झालेली असेल, तर नवे नाव शिकायला वेळ लागत नाही.

आता प्रजननसंस्थेचे प्रकरण. शरीराच्या सगळ्या संस्था सांगून तेवढी एकच गाळणारे पुस्तक मुलांना असे शिकवते की या भागाविषयी विचारायचे नसते. तुमची मुलगी ९ वर्षांची आहे. मुलींमध्ये वयात येण्याचे बदल साधारण ८ ते १३ या वयात सुरू होतात, मुलांमध्ये ९ ते १४. पाळी म्हणजे काय हे पाळी येण्याआधी कळले पाहिजे, नंतर कळून उपयोग नाही. म्हणून या वर्षी हे प्रकरण असलेलेच पुस्तक घ्या. त्यात काय पाहावे? गर्भाशय, बीजांडकोश, योनी, शिश्न, वृषण हे शब्द हात, पाय, डोळे यांच्याइतक्याच सरळपणे वापरलेले असावेत. पाळीच्या रक्ताला ‘घाण रक्त’ म्हटलेले नसावे, आणि शिवाशिवीच्या चालीरीतींना शास्त्राचा आधार असल्याचे सुचवलेले नसावे. मुलींचे बदल आणि मुलांचे बदल एकाच पुस्तकात असावेत, म्हणजे भाऊ आणि बहीण दोघेही ते वाचू शकतील. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ पर्यंत, खटले सोसूनही, मराठीतून या विषयावर स्पष्ट लिहीत राहिले. आपल्या भाषेत शब्द नाहीत, ही सबब म्हणून टिकत नाही.

६ वर्षांच्या मुलासाठी एवढे पुरे: बाळ आईच्या गर्भाशयात वाढते, ती जठरापेक्षा वेगळी जागा आहे, आणि आपल्या अवयवांची ही ही नावे आहेत. नावे ठाऊक असलेले मूल कुठे दुखते आहे हे डॉक्टरांना नेमके सांगू शकते, आणि कोणी नको तिथे हात लावला तर आईलाही नेमके सांगू शकते. काही पुस्तकांत या पानावर मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक दिलेला असतो. नसेल तर तुम्ही तो हाताने लिहून ठेवा. तुम्हाला स्वतःला संकोच वाटत असेल तर ते पान आधी दोन-तीनदा एकटीने मोठ्याने वाचा. मी पहिल्या काही वर्षी तसेच करत असे आणि त्याने आवाज स्थिर राहायला खरोखर मदत झाली.

पुस्तकातले प्रयोग घरच्या सामानात होतात का, हेही पाहा. पानाच्या टपरीवरचा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला की सकाळी वर चुन्याची निवळी मिळते, आणि तिच्यात नळीने फुंकर घातली की ती दुधाळ होते. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड अधिक असल्याचा तो पुरावा. चुना मोठ्यांनी हाताळावा, निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नये आणि नळीने ओढायचे नाही, फक्त फुंकायचे, ही सूचना पुस्तकात नसेल तर लेखकाने तो प्रयोग मुलांकडून कधी करून घेतलेला नाही असे समजावे. भाताची पेज दोन वाट्यांत घ्या, एकीत मुलाची थोडी लाळ मिसळा, पंधरा-वीस मिनिटांनी दोन्हींत जखमेवर लावायच्या आयोडीनचा थेंब टाका. साधी पेज काळी-निळी होते, लाळेच्या वाटीतला रंग फिका राहतो किंवा येतच नाही. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड का लागतो, याचे उत्तर त्या दोन वाट्यांत असते. पर्वतीच्या पायथ्याशी नाडी मोजून, पायऱ्या चढून वर पुन्हा मोजली आणि किती मिनिटांनी ती पूर्ववत होते ते लिहून ठेवले, तर मुलांची स्वतःची नोंदवही तयार होते. बोट टोचून रक्त काढायला किंवा कोण जास्त वेळ श्वास रोखतो अशी स्पर्धा लावायला सांगणारे पुस्तक घेऊ नका.

लहान मुलासाठी झडपा उघडून आत पाहायची पुस्तके चांगली असतात, कारण त्वचा, स्नायू, हाडे असे थर त्याला हाताने उलगडता येतात. फक्त मूत्रपिंडे आतड्यांच्या मागे, पाठीकडे दाखवली आहेत का ते पाहा. चित्रांतली सगळी शरीरे मुलग्यांचीच असतील आणि मुलगी केवळ प्रजननाच्या पानावर येत असेल, तर ते मला खटकते. आहाराच्या पानावर चीज आणि ब्रोकोलीच्या जागी भाकरी, उसळ, पालेभाजी असेल तर शिकवणे सोपे जाते, पण एवढ्यासाठी पुस्तक बदलायची गरज नाही.

खरेदीविषयी. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. परिसर अभ्यासाच्या आणि सहावी ते आठवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकांतले शरीरावरचे पाठ एकत्र छापून घेतले की मराठी संज्ञांचा पाया तयार होतो, आणि पुढे राष्ट्रीय किंवा राज्य मुक्त विद्यालयातून परीक्षा द्यायची झाल्यास तीच भाषा उपयोगी पडते. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतली विज्ञानाची बालपुस्तके विनामूल्य आहेत. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी बरीच वर्षे काम केले, आणि टाकाऊ वस्तूंतून केलेली त्यांची खेळणी पाहून मुलांना श्वसनाची प्रतिकृती करायची कल्पना सुचते. बाटलीत फुगा बसवून अशी प्रतिकृती केलीत तर एक सांगा: बाटलीतल्या फुग्याभोवती रिकामी जागा दिसते, खऱ्या फुप्फुसाभोवती तशी पोकळी नसते. विकत घ्यायचे पुस्तक अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत मुलांना सोबत नेऊन, रक्ताभिसरणाचे पान त्यांच्यासमोर उघडून घ्या. २०२३ पासून डिसेंबरमध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, तिथे अनेक प्रकाशकांची पुस्तके एकाच फेरीत शेजारी ठेवून पाहता येतात. तुमच्या दोघांसाठी मी या वर्षी दोनच पुस्तके विकत घेईन: मुलासाठी झडपांचे एक आणि मुलीसाठी वयात येण्याच्या प्रकरणासह, कमी चौकटींचे, सलग लिहिलेले एक. चित्रकोश ग्रंथालयातून आणावा.

आणि घेतलेल्या पुस्तकात चूक सापडली तर मुलीला प्रकाशकांना पत्र लिहू द्या. पत्ता आतल्या पानावर असतो. माझ्या गटातल्या ११ वर्षांच्या एका मुलीने धमनीच्या व्याख्येबद्दल असे पत्र लिहिले होते, सोबत फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाहिनीची आकृती काढून. दोन महिन्यांनी त्या प्रकाशकांचे पोस्टकार्ड आले की पुढच्या आवृत्तीत ते वाक्य बदलले जाईल, आणि पुढच्या वर्षी ती नवी आवृत्ती पाहायला ती आईला घेऊन दुकानात गेली तेव्हा वाक्य बदललेले होते.